किर्लोस्कर नांगर व त्याची बाजारपेठ

किर्लोस्कर नांगर व त्याची बाजारपेठ : बेळगाव येथील सायकलींच्या एका लहानशा दुकानातून निघालेल्या आणि पुढे किर्लोस्करवाडी (जि. सांगली) येथे स्थिरावलेल्या किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोखंडी नांगरास जी बाजारपेठ मिळवून दिली, तिचा इतिहास. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात या प्रकरणास एका विशिष्ट कारणामुळे महत्त्व आहे. येथे उद्योजकाला तयार बाजारपेठेत शिरावयाचे नव्हते. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी जागेवर होता, त्याची गरजही होती, परंतु मालाविषयी त्याच्या मनात विश्वास नव्हता. हा विश्वास निर्माण होईपर्यंत उद्योग जगविणे आणि तो निर्माण झाल्यावर वाढत्या मागणीस पुरे पडेल अशी भांडवलाची, माणसांची व मालाची तयारी करणे, ही दोन्ही कामे एका कुटुंबास व त्याच्या मोजक्या साथीदारांस करावी लागली.

उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९–२६ सप्टेंबर १९५६) यांचा जन्म गुर्लहोसूर (जि. बेळगाव) येथे झाला. चित्रकलेची ओढ असल्यामुळे ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांमधील भेद आपणास ओळखता येत नाही, असे लक्षात आल्याने त्यांनी रंगचित्रणाचा नाद सोडला आणि यंत्रांच्या आरेखनाकडे लक्ष वळविले. त्याच विषयाचे अध्यापक म्हणून त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केले. संस्थेतील यंत्रे हाताळण्याची संधी त्यांना तेथे लाभली. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाची निवड करण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरीचा त्याग केला व ते बेळगावास परतले. तेथे त्यांचे ज्येष्ठ बंधू रामचंद्रराव (रामूअण्णा) यांच्यासमवेत सायकलींचा व्यवसाय चालू होता. हा उद्योग आपल्या आयुष्याची गणना १८८८ पासून, या दुकानाच्या स्थापनेपासून करतो.

सायकल ही त्या काळी श्रीमंतांची व सरकारी अधिकाऱ्यांची हौस होती. सायकल विकावयाची, तर गिऱ्हाइकास ती चालविण्यासही शिकवावे लागे, आणि किर्लोस्कर बंधू शुल्क घेऊन ते शिक्षण देत. या गोष्टीचा उल्लेख बहुधा गमतीने केला जातो. वस्तू आणि ती वापरण्याचे ज्ञान ही दोन्ही एकत्रच विकावी लागतात, हा अनुभव मात्र त्यांना याच दुकानात प्रथम मिळाला असला पाहिजे. दुकानाला जोडूनच दुरुस्तीचे लहानसे यंत्रालय निघाले. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले व पाठोपाठ, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर.

मागणीपूर्वीचा माल : देशी लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्याच्या व्यवहारात घडवून देत असे. त्याला रोख पैसा जवळजवळ लागत नसे. मोडला, तर दुरुस्तीही गावातच होई. फक्त फाळ तेवढा लोखंडाचा असे व तो लोहार शेवटून देई. असा नांगर जमीन उकरतो, ती उलटवीत नाही. लोखंडी नांगराचा फाळ माती आडवी कापतो व त्यामागील वाकडा पत्रा ती उलथून टाकतो. त्यामुळे तणांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. काळ्या जमिनीत खोलवर पसरणारी हरळी हा दख्खनच्या शेतकऱ्याचा जुना शत्रू. ती खणून काढण्यास माणसे लावावी लागत आणि तो खर्च पुष्कळांच्या आवाक्याबाहेरचा असे. म्हणजे नांगराची उपयुक्तता उघड होती. तरीही पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते व पीक बिघडते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. या समजुतीला अडाणीपणा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु तिच्यामागे व्यवहाराचा विचारही होता, हे विसरता येत नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने अपरिचित अवजार आपल्या रानात प्रथम घालावयाचे म्हणजे सर्व धोका एकट्याने पतकरावयाचा. अवजार मोडले, तर गावचा सुतार ते दुरुस्त करू शकणार नाही. रोख पैसा द्यावयाचा, तर सावकाराकडे जावे लागणार. जड नांगर ओढण्यास बैलांच्या अधिक जोड्या जमवाव्या लागणार. हे सारे आक्षेप खरेच होते, आणि पुढील काळात उद्योगाने जे केले, ते बव्हंशी त्यांना एकामागून एक उत्तर देण्याचेच काम होते.

मुंबई इलाख्यात त्या वेळी इंग्लंडमधील रॅन्समसारख्या कंपन्यांचे नांगर येत असत. ते चांगले होते. पण महाग होते आणि त्यांचे झिजलेले भाग बदलण्यासाठी आयातीवर विसंबून राहावे लागे. नांगराचा फाळ हा झिजणारा भाग आहे. नांगर वर्षानुवर्षे टिकतो, फाळ मात्र पुनःपुन्हा बदलावा लागतो. लक्ष्मणरावांचे सुरुवातीचे फाळ परदेशी फाळांच्या तोडीचे नव्हते. बिडाच्या मिश्रणात व ते थंड करण्याच्या रीतीत सुधारणा करून त्यांनी हा दोष दूर केला. नांगर स्वदेशी आहे म्हणून तो घ्यावा, असे १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या लाटेत म्हणता आले असते आणि काही काळ ते चाललेही असते. परंतु शेतकऱ्याचा विश्वास त्या आवाहनाने मिळविता आला नसता. त्याच काळात स्वदेशीच्या उत्साहाने निघालेले अनेक लहान कारखाने माल हिणकस ठरल्यामुळे अल्पावधीत बंद पडले. किर्लोस्करांचा नांगर या गटात गेला नाही, याचे श्रेय ओतशाळेत घालविलेल्या वर्षांना द्यावे लागते.

बेळगावहून कुंडलकडे : नांगरास गिऱ्हाईक मिळू लागले, त्याच सुमारास उद्योगावर नवे संकट आले. बेळगावच्या ठळकवाडी भागात नवी वसाहत करण्याच्या योजनेमुळे यंत्रालयाची जागा सोडावी लागणार होती. नवी जागा घेऊन इमारत उभारण्याइतका पैसा बंधूंजवळ नव्हता. याच वेळी औंध येथील एका मंडपाच्या बांधकामाचे काम लक्ष्मणरावांकडे आले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव (बाळासाहेब) पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व गुणग्राहक होते. त्यांनी लक्ष्मणरावांची अडचण ऐकून आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल गावानजीक, रेल्वेच्या कुंडल रोड या स्थानकाजवळील सु. ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज, असे या साहाय्याचे स्वरूप होते. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तेथे पोहोचले. त्या माळावर निवडुंग व काटेरी झुडपे माजली होती, सापांचा सुळसुळाट होता, पाणी दुर्मिळ होते.

जागेची निवड केवळ नाइलाजाने झाली, असे म्हणता येत नाही. जमीन ओसाड असली, तरी ती पुणे–मिरज लोहमार्गाला लागून होती. नांगर हा वजनदार माल. तो बैलगाडीने दूरवर पाठविणे परवडत नाही. रेल्वेने मात्र खानदेश, वऱ्हाड किंवा कर्नाटक येथपर्यंत पोहोचविता येतो. बेळगावच्या दुकानाचे क्षेत्र बेळगावच्या आसपासचे होते. कुंडलच्या माळावर बसलेल्या कारखान्याचे क्षेत्र लोहमार्ग जेथवर जातो, तेथवरचे झाले. शिवाय आजूबाजूला कृष्णाकाठची काळी जमीन होती व तीत हरळी होती. कारखान्याच्या फाटकाबाहेरच गिऱ्हाईक राहत होते.

माणसांची तयारी हा तितकाच कठीण भाग होता. या मुलखात ओतकाम, लेथकाम, साचे घडविणे यांचे शिक्षण घेतलेले कामगार मिळण्याजोगे नव्हते. लक्ष्मणरावांबरोबर आलेली थोडी कुटुंबे सोडली, तर बाकी सर्व मनुष्यबळ आसपासच्या खेड्यांतून घ्यावयाचे होते. शेतावर राबणाऱ्या तरुणांना यंत्रावर उभे करून शिकविण्यात आले. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी यांसारखे साथीदार कारखान्याच्या निरनिराळ्या शाखा सांभाळू लागले व रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. शाळा, पाणीपुरवठा, स्वच्छता, घरे यांची सोय झाली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहारेकरी म्हणून विश्वासाने कामावर घेतले गेले. वसाहतीचे हे रूप उदारपणाचे म्हणून गौरविले जाते व ते यथार्थही आहे. तथापि त्याला एक व्यावहारिक बाजूही होती. आडरानात शिकवून तयार केलेला कारागीर सोडून गेला, तर त्याच्या जागी दुसरा मिळत नसे, म्हणून तो तेथे सुखाने राहील अशी व्यवस्था करणे कारखान्यास भाग होते.

महायुद्ध व त्यानंतर : पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) काळात परदेशी नांगरांची आयात थंडावली आणि किर्लोस्कर नांगरास बाजारपेठ जणू आपोआप खुली झाली. परंतु त्याच युद्धामुळे कच्चे बीड, दगडी कोळसा, रंग यांचीही आयात अडली. मागणी आहे व कच्चा माल नाही, अशी अवस्था झाली. या प्रसंगी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या संस्थानातील जुन्या निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या व त्या वितळवून नांगर ओतण्यात आले. तोफांचे नांगर झाले, ही घटना पुढे पुष्कळ सांगितली गेली. तिचे व्यापारी मोल मात्र फारसे कोणी लक्षात घेतलेले नाही. आयात बंद असलेल्या त्या वर्षांत ज्या शेतकऱ्यांना किर्लोस्कर नांगर मिळाला, त्यांपैकी अनेकांनी तो प्रथमच वापरून पाहिला. युद्ध संपून परदेशी माल पुन्हा येऊ लागला, तेव्हा त्याला अननुभवी गिऱ्हाईक उरलेले नव्हते. संधी युद्धाने दिली, हे खरेच; परंतु फाळाची सुधारणा, लोहमार्गालगतची जागा व शिकविलेले कामगार ही तयारी आधी झाली नसती, तर ती हातची गेली असती.

१९२० च्या जानेवारीत ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या नावाने उद्योगाचे संयुक्त भांडवली कंपनीत रूपांतर झाले. कुटुंबाच्या व संस्थानाच्या ऐपतीवर चाललेल्या धंद्यात बाहेरच्या भागधारकांचा पैसा आला. लक्ष्मणरावांच्या पिढीतील मराठी माणसाला भागभांडवलाचा व्यवहार सवयीचा नव्हता. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने वाढलेल्या पैसाफंडातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला होता, पण तो लोकवर्गणीचा उपक्रम होता. लाभांशाच्या अपेक्षेने गुंतवणूक करण्याची सवय अजून लागावयाची होती. कंपनी झाल्याने जमाखर्च, लेखापरीक्षण व वार्षिक सभा यांची शिस्त आली. दूरच्या गावी वस्तू उधार ठेवणाऱ्या विक्रेत्यांशी व्यवहार करावयाचा, तर अशी शिस्त अपरिहार्य असते.

छापील शब्दाचा उपयोग : विक्री व जाहिरात हा विभाग लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांच्याकडे होता. तेही मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. लाहोर येथे श्री. दा. सातवळेकर यांच्याजवळ त्यांनी शिक्षण घेतले होते. १९२० मध्ये त्यांनी किर्लोस्कर खबर या नावाचे नियतकालिक सुरू केले. कारखान्यात तयार होणाऱ्या अवजारांची माहिती गिऱ्हाइकांस व विक्रेत्यांस देणे, हा त्याचा मूळ हेतू होता. आपल्या मालाची वाखाणणी करणारे चोपडे इतर कारखानदारही काढीत. बहुतेक ते वाचल्यावाचून टाकून दिले जात. शंकररावांनी मालाच्या माहितीबरोबर उद्योगी माणसांची चरित्रे, स्वावलंबनाचे अनुभव, शेतीविषयक उपयुक्त मजकूर व पुढे कथा, कविता आणि सामाजिक प्रश्नांवरील लेख यांना जागा दिली. चित्रे व मांडणी यांकडे त्यांचे विशेष लक्ष असे. परिणामी हे पत्र घरात ठेवले जाऊ लागले, गावात वाचून दाखविले जाऊ लागले.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. नांगर विकण्यासाठी काढलेले नियतकालिक स्वतःच एक विक्रीयोग्य वस्तू बनले. १९२९ मध्ये त्याचे नाव किर्लोस्कर असे झाले. १९३० मध्ये स्त्री व १९३४ मध्ये मनोहर ही मासिके त्याच्या जोडीला आली. तालुक्याच्या स्थानकाहून दूर असलेल्या एका माळावरून निघणारी ही मासिके मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचा भाग झाली आणि त्यांच्याबरोबर ‘किर्लोस्कर’ हे नाव, ज्यांना नांगराची मुळीच गरज नव्हती, अशा घरांतही परिचयाचे झाले. पुढील काळात कंपनीने शहरी गिऱ्हाइकांसाठी लोखंडी फर्निचर आणि यंत्रावजारे काढली, त्या वेळी या परिचयाचा उपयोग झाल्याखेरीज राहिला नाही.

जमीन व बाजारपेठ : नांगराच्या प्रसाराचा विचार करताना महाराष्ट्र हा एकजिनसी प्रदेश मानून चालत नाही. लोखंडी नांगराची खरी बाजारपेठ म्हणजे दख्खनच्या पठारावरील काळी, खोल, तणग्रस्त जमीन. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कडेने मावळात शिरल्यावर चित्र बदलते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माले आणि त्याच्या परिसरातील गावांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अतिवृष्टीच्या या पट्ट्यात उताराला ताली घालून केलेली भाताची खाचरे हीच मुख्य शेती. तेथे पाणी साठवून चिखलणी करावयाची असते व त्यासाठी लहान बैलांना झेपणारा हलका लाकडी नांगर पुरतो. माती खोलवर उलथून टाकल्यास खाचराचे पाणी धरून ठेवणारा थरच मोडण्याचा संभव असतो. जड लोखंडी नांगर अशा शेतकऱ्याने नाकारला, तर त्यात पुराणमतवाद नसून शहाणपण होते. किंबहुना याच खोऱ्यात यंत्रयुग अवतरले ते निराळ्या वाटेने: मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने बांधावयास घेतलेल्या मुळशी धरणाने या खोऱ्यातील अनेक गावे व उत्तम भातजमिनी पाण्याखाली गेल्या, आणि त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट, वि. म. भुस्कुटे आदींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. गिरण्यांची चाके फिरविणारी वीज मावळातून गेली. मावळच्या शेतकऱ्याच्या हाती मात्र त्या काळी कारखान्यात बनलेले नवे अवजार क्वचितच आले.

याउलट पठारावर पिकेच बदलत होती. नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून मिळू लागले होते; पुढे गोदावरी व प्रवरा खोऱ्यांतील कालव्यांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात बागायत वाढविली. कालव्याखालील ऊस म्हणजे खोल नांगरट, आणि ऊस पिकला की तो गाळण्याचा चरक व गूळ करण्याची कढई आली. दक्षिण महाराष्ट्रात भुईमुगाची लागवड पसरली, तेव्हा शेंगा फोडण्याचे काम वाढले. किर्लोस्करवाडीच्या मालाची यादी पाहिली, तर तिच्यात नांगरानंतर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप व पुढे विहिरीवरील पंप येतात. म्हणजे ज्या शेतकऱ्याने नांगर घेतला, त्याच्याच पुढच्या गरजेचा माल कारखाना काढीत गेला. एका अनोळखी गिऱ्हाइकापेक्षा ओळखीच्या गिऱ्हाइकाची दुसरी गरज भागविणे कमी जोखमीचे असते. त्याच्या दारापर्यंतचा रस्ता, त्याची पत, त्याची तक्रार या गोष्टी आधीच माहीत असतात. कंपनीच्या वाढीतील हा धागा तिच्या संस्थापकांच्या कर्तृत्वाच्या कथांत काहीसा झाकला गेला आहे.

या धाग्याची परीक्षा १९२९ नंतरच्या मंदीत झाली. धान्य, गूळ, कापूस यांचे भाव कोसळले. शेतकऱ्याजवळ नवे अवजार घेण्यास पैसा उरला नाही. केवळ नांगरावर विसंबलेला कारखाना अशा वेळी तगला नसता. लक्ष्मणरावांचे ज्येष्ठ पुत्र शंतनुराव (१९०३–१९९४) हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर होऊन परतले होते. केंद्रोत्सारी पंपांचे उत्पादन याच सुमारास सुरू झाले. शेतकऱ्यापलीकडच्या गिऱ्हाइकांचा, म्हणजे कार्यालये, रुग्णालये व लहान कारखाने यांचा, शोध घेण्यात आला.

तुलनेसाठी औंध संस्थानाच्याच आश्रयाने १९१६ मध्ये कराडनजीक निघालेल्या ओगले काच कारखान्याचा निर्देश करणे योग्य होईल. श्रीपाद प्रभाकर ओगले यांनी मिळविलेल्या ज्ञानाच्या बळावर उभारलेल्या या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. गुणवत्तेत तो कशालाही हार जाणारा नव्हता, आणि त्याचे नाव नांगराइतकेच सर्वतोमुखी होते. परंतु खेडोपाडी वीज पोहोचू लागली, तसतशी कंदिलाची गरजच ओसरली. बाजारपेठ जिंकणे आणि ती नाहीशी होण्याआधी दुसरीची तयारी करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

प्रदेशाबाहेर : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उद्योग मराठी मुलखाबाहेर पडला. म्हैसूर संस्थानात हरिहर येथे १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रावजारांची कंपनी स्थापन झाली. १९४६ मध्ये एकाच वर्षी पुण्यानजीक खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स व बंगलोर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. शंतनुराव खडकीला, राजाराम हरिहरला व रवींद्र बंगलोरला, अशी भावांत कामाची वाटणी झाली. प्रत्येक ठिकाणी नवी कंपनी, नवे भागधारक व स्वतंत्र व्यवस्थापन असे. मूळ कारखान्याच्या गंगाजळीवर सर्व भार टाकला जात नसे. हे धोरण पुढे उद्योगसमूहाच्या वाढीची पद्धतच बनले. (त्यातून कालांतराने कुटुंबातील शाखांचे हितसंबंध निरनिराळे झाले, हा भाग वेगळा.)

खडकीच्या कारखान्याचे डीझेल एंजिन व किर्लोस्करवाडीचा पंप यांची जोडी विहिरीवर आली, तेव्हा मोटेचे दिवस सरत चालले होते. बैलांची जोडी दिवसभर जे पाणी उपसे, ते एंजिन थोड्या वेळात काढू लागले. येथेही नांगराच्या वेळचाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. बिघडलेले एंजिन गावात दुरुस्त कोण करणार? नांगराने शिकविलेल्या वाटेने, म्हणजे विक्रेत्याजवळ सुटे भाग व कारागीर असल्याखेरीज विक्रीचा विस्तार करावयाचा नाही, या सावध पद्धतीने हे काम झाले. सहकारी पतपेढ्यांचे जाळे नंतर वाढले आणि रोख पैशाचा जुना अडथळाही पुष्कळ अंशी दूर झाला.

या वाढीच्या मध्येच उद्योगावर सर्वांत मोठा आघात झाला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. अडतीस वर्षांत ज्या परिसरातून कामगार घडविले होते व ज्या परिसरात पहिले गिऱ्हाईक लाभले होते, तेथेच हा प्रसंग ओढवला. लक्ष्मणराव त्या वेळी ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. कारखाना पुन्हा उभा राहिला व कामगार पुन्हा कामावर आले; हा प्रसंग किर्लोस्करवाडीच्या इतिहासातून वगळता येत नाही, कारण विश्वासाने मिळविलेली बाजारपेठ समाजातील इतर तेढींपासून सुरक्षित नसते, हे त्याने दाखवून दिले. त्याच वर्षी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ज्या संस्थानिकाच्या आश्रयाने वसाहत उभी राहिली होती, त्याचा अधिकारही संपुष्टात आला.

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९५० नंतरच्या दोन दशकांत, एंजिने व पंप यांची निर्यात आग्नेय आशिया, पश्चिम आशिया व आफ्रिका येथील देशांत होऊ लागली. या देशांतील लहान शेतकऱ्याची गरज भारतीय शेतकऱ्याच्या गरजेसारखीच होती: स्वस्त, दणकट, फार कौशल्याशिवाय चालविता येईल असे यंत्र. युरोपीय कारखानदारांना हे गिऱ्हाईक किरकोळ वाटे. कुंडलच्या माळावर शिकलेल्या उद्योगाला ते ओळखीचे होते. शंतनुरावांनी निर्यातीचा आग्रह धरला, तेव्हा देशातील बंदिस्त बाजारपेठेत विनासायास खपणारा माल बाहेर का पाठवावा, असा विचार अनेक कारखानदार करीत होते. परदेशात माल विकावयाचा म्हणजे गुणवत्तेची कसोटी परक्या गिऱ्हाइकाच्या हाती द्यावयाची. ती कसोटी घरच्या मालालाही लागू पडते, ही त्यांची भूमिका होती. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. कॅक्टस अँड रोझेस या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात कुंडलच्या माळावरील निवडुंगाची आठवण आहे.

नांगर स्वतः मात्र या प्रवासात मागे पडला. ट्रॅक्टर आला, बैलांच्या जोड्या कमी झाल्या, आणि पठारावरील खोल नांगरटीचे काम भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागले. जुन्या वाड्यांच्या पडवीत गंजलेला बैलनांगर अजून दिसतो. किर्लोस्करवाडी येथे पंपांचे उत्पादन चालू आहे. कुंडल रोड हे रेल्वे स्थानकाचे जुने नाव जाऊन त्या जागी किर्लोस्करवाडी असे नाव आलेले आहे.